मदत हवी आहे : आईला पित्ताच्या गोळीने जुलाब

बाळीवेसकर
गोळी सुरू होऊन १२ दिवस झाले, आठव्या दिवसापासून आईला रोज चार-पाच वेळा जावं लागतंय. बंद करू का? लवकर सांगा, उद्या सकाळी अक्कलकोटला लग्नाला जायचंय.

चिंचेखाली
कुठली गोळी?

बाळीवेसकर
अहो, पित्ताची. पांढरी.

चिंचेखाली
पांढऱ्या तर सगळ्याच असतात की ओ! पाकिटावर बघून लिहा.

बाळीवेसकर
अर्सोडीऑक्सीकोलिक ॲसिड ३००. सकाळ-संध्याकाळ एकेक.

मेडिकलवाले_काका
मग ही ॲसिडिटीची गोळी नव्हे. आंबट ढेकर आला तरी आपण पित्तच म्हणतो आणि यकृतात तयार होतो त्या रसालाही पित्तच, घोळ तिथे होतो. दिलीय कशासाठी?

सातरस्ता
मूतखड्यावर कुळथाचं कढण द्या. साडूचा ६ मिमीचा पडला.

चिंचेखाली
मूतखड्याचं कोण विचारलंय इथं?

बाळीवेसकर
पित्ताशयात खडे आहेत, ७ मिमी. आई ऑपरेशनला तयार नाही.

शेंगाचटणी
गोळ्यांनी काही होत नसतं. रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबू पाजा. मेव्हणीचे हिरवे खडे पडले, वाटीत धरून दाखवलेत.

मेडिकलवाले_काका
तो तेल-लिंबाचा पोटात झालेला साबण! खडा सरकून नळीत अडकला तर रात्री कुणाला उठवणार? गोळीने विरघळतात ते कोलेस्टेरॉलचे छोटे खडे, कॅल्शियम चढलेले नाही. त्यालाही सहा महिने ते दोन वर्षं लागतात.

कडकभाकरी
आणि गोळी थांबवली की पुन्हा होऊ शकतात. मी दुर्बिणीने पित्ताशयच काढून टाकलं, तिसऱ्या दिवशी घरी. आता भाकरीवर चटणी-तेल बिनधास्त.

शेंगाचटणी
तुमचं तुम्हाला लखलाभ. देवाने दिलेला अवयव कशाला काढायचा?

नवी_पेठ
बायकोला आठव्या महिन्यात तळहात-तळपायांना खाज सुटायची, तेव्हा हीच गोळी होती. जुलाब नव्हते.

मेडिकलवाले_काका
या गोळीने शौचाला पातळ होतं काहींना. पण ते सात दिवस ठीक होतं म्हणता, मग आठव्या दिवशी नवीन काय सुरू झालं?

बाळीवेसकर
काही नाही. तेच जेवण, तीच गोळी, वर ते गुलाबी औषध.

मेडिकलवाले_काका
कुठलं गुलाबी औषध??

बाळीवेसकर
पित्ताचं पातळ औषध. आंबट ढेकर येत होते म्हणून मीच आणून दिलं, गोळीवर लगेच दोन झाकणं. ते धरायचं होतं का?

मेडिकलवाले_काका
बाटलीवर मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम लिहिलंय का बघा. मॅग्नेशियमने जुलाब होतात आणि ॲल्युमिनियम ही गोळी अंगी लागू देत नाही. ते औषध आज थांबवा. गोळी मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आत्ताच फोन करा. ताप, डोळे पिवळे किंवा उजव्या बरगडीखाली कळ असेल तर लग्न राहू द्या, थेट दवाखाना.

बाळीवेसकर
दोन्ही लिहिलंय. ताप-कळ काही नाही, डॉक्टरांना फोन लावतोय. बाटली मात्र तळाला गेलीय. आई म्हणते, गोड लागायचं म्हणून दुपारीही घेत होते.