आवळ्याचा अर्क आणि रेझाझुरिन : जंतू न घातलेली वेलही (प्लेटमधली खळगी) गुलाबी होतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वाळवलेल्या आवळ्याच्या मिथेनॉल अर्कावर काम करते आहे. अँटिऑक्सिडंटचा भाग झाला, जंतुरोधक भागापाशी अडकले आहे.

डीपीपीएच (जांभळ्या रंगद्रव्यावरची अँटिऑक्सिडंट चाचणी) छान आली. जांभळं द्रावण बघता बघता पिवळं पडलं, 517 नॅनोमीटरला शोषण भराभर उतरलं. गॅलिक ॲसिड आणि टॅनिनं एवढी असलेल्या फळाकडून ती अपेक्षा होतीच.

मग जंतू पसरलेल्या अगारमध्ये (जेलीसारख्या घट्ट माध्यमात) खड्डे पाडून, त्यात अर्क घालून पाहिलं. स्टॅफ ऑरियसच्या प्लेटवर खड्ड्याभोवती स्वच्छ झोन (जंतू न वाढलेलं वर्तुळ), ग्राम-निगेटिव्ह ई. कोलायच्या प्लेटवर जेमतेम. ग्राम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरचं जास्तीचं आवरण असतं, हे एक कारण असेल. पण टॅनिनचे रेणू मोठे, ते अगारमधून नीट पसरतच नसतील तर? झोन लहान म्हणजे परिणाम कमी, असं लिहायला माझं मन धजेना. म्हणून एमआयसी (वाढ रोखणारी किमान तीव्रता) काढायची ठरवली: 96 वेलची प्लेट, म्युलर-हिंटन ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रव माध्यम), दर पुढच्या वेलला अर्काची निम्मी तीव्रता. अर्क तपकिरी असल्याने गढूळपणा डोळ्यांना कळत नाही, त्यामुळे रेझाझुरिन हे रंगद्रव्य घातलं. जंतू जिवंत असले की निळ्याचं गुलाबी होतं, एवढं साधं गणित.

प्रत्यक्षात सगळं उलटं दिसलं. सर्वांत जास्त अर्काच्या वेल गुलाबी, मधल्या दोन-तीन निळ्या, पुढे पुन्हा गुलाबी! आधी वाटलं, प्लेट दूषित झाली. पण नुसता ब्रॉथ, अर्क आणि रंग असलेली, जंतू अजिबात न घातलेली वेलसुद्धा गुलाबी झाली. अर्काऐवजी फक्त डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावक) घातलेली निर्जंतुक वेल मात्र निळीच राहिली. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

माझा अंदाज असा की डीपीपीएचला इलेक्ट्रॉन देणारी संयुगं इथे रेझाझुरिनलाही तेच देत आहेत. ज्या गुणासाठी अर्क निवडला, तोच या चाचणीच्या आड येतोय. हे कुणी अनुभवलं आहे का?

रंग सोडून प्रत्येक वेलमधून थोडं थोडं अगारवर पसरायचा विचार आहे. पण त्यातून जंतू मेले की नाही ते कळेल, नुसती वाढ थांबली असेल तर ते कसं दाखवायचं? वेळेच्या टप्प्यांनी कॉलनी मोजणं हाच मार्ग आहे का?

आणखी एक धाकधूक. अर्क आंबट आहे, तेव्हा ब्रॉथचा पीएच उतरल्यामुळेच जंतू थांबले नसतील ना? पीएच 7.3 ला आणून पुन्हा करावं म्हणते, पण अल्कलीने फिनॉलिक संयुगं लवकर ऑक्सिडाइझ होतात. तशीही ती ब्रॉथमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात असं वाचलं आहे. मग कॅटालेज (हे पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घातलेली वेगळी रांग ठेवू का? ठेवली तर कॅटालेज जंतूंच्या आधी घालायचं की सोबत?

अर्क थोडाच उरला आहे, जास्तीत जास्त दोन प्लेट होतील. त्यामुळे पुढची प्लेट लावण्याआधी कळलं तर फार मदत होईल.