मदत हवी आहे: सॅन अँड्रियासमधली हायड्रॉलिक्सची स्पर्धा, लॅपटॉपला नमपॅड नाही (आणि सवानाबद्दल थोडंसं)

मंडळी, इथे जीटीए सॅन अँड्रियास खेळलेलं कोणी आहे का? २००५ चं पीसीवालं जुनं व्हर्जन म्हणतेय, २०२१ चं डेफिनिटिव्ह नाही. सीझर व्हियालपांडो नावाच्या मिशनला अडकलेय आणि व्हिडिओ बघावेत तर सगळे एकतर डेस्कटॉपवर खेळतायत नाहीतर हातात कंट्रोलर आहे. माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डला उजवीकडचा आकड्यांचा नमपॅडच नाहीये.

आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. १९९२ चं लॉस सँटोस, म्हणजे गेममधलं लॉस एंजेलिस. आपला हिरो सीजे, त्याची बहीण केंडल त्या सीझरबरोबर फिरते, तो अझ्टेकास गँगचा म्होरक्या, म्हणून त्यांचा भाऊ स्वीट भडकलेला आणि सीजे बघायला जातो की हा माणूस आहे तरी कसा. विलोफील्डच्या लोको लो गॅरेजात गाडी सजवायची, तिथून युनिटी स्टेशनला जायचं, तिथे लोरायडरवाले, म्हणजे गाड्या खाली बसवून सजवणारे, जमलेले असतात. म्युझिक सुरू झालं की स्क्रीनवर बाण सरकत येतात, बाण गोलात आला की त्या दिशेचं बटण दाबायचं, गाडी त्या बाजूने उसळते. समोरच्यापेक्षा जास्त पॉइंट झाले की जिंकलात. आता ही दिशेची बटणं डीफॉल्टला नमपॅडचे ८, ४, ६ आणि २ आहेत, आणि मी वरच्या ओळीतले आकडे दाबले तर काहीच होत नाही, गाडी नुसती उभी राहते आणि समोरचा उड्या मारून निघून जातो.

सेव्ह फाइल डाउनलोड करून हे मिशन टाळ असं कृपया सांगू नका. मला हीच स्पर्धा खेळायचीये. गाड्यांच्या बाकी सगळ्या गेममध्ये वेग, वेग आणि वेग, इथे गाडी जागच्या जागी उभी आहे आणि तरी तिच्याभोवती गर्दी जमलीये, हे मला फार आवडतं. आणि हे गेमवाल्यांनी मनाने काढलेलं नाही. कॅलिफोर्नियात १९५८ पासून नियम होता की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये, आणि गाडी खाली बसवून फिरवणाऱ्या मेक्सिकन अमेरिकन पोरांना त्यावरून पोलीस धरायचे. तर १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या माणसाने आपल्या कॉर्व्हेटला विमानाचे जुने हायड्रॉलिक पंप बसवले, पोलीस दिसला की गाडी वर, पुढे गेला की परत खाली. त्यातूनच पुढे गाडी नाचवणं आलं. डिकीत बॅटऱ्यांची रांग, त्यावर चालणारे पंप, तेलाच्या दाबाने प्रत्येक चाक वेगळं उचलायचं. हे कळल्यापासून मला ते मिशन नुसतं पास करायचं नाहीये, नीट जमवायचंय.

तर प्रश्न दोन. एक, नमपॅडशिवाय हे कसं खेळायचं? दोन, मला पुढे स्वतःची सवाना हवीये, तीच लांबलचक उघडी गाडी, साठच्या दशकातल्या शेवरोले इम्पालावर बेतलेली. ती कुठे मिळते, आणि जीटीए पाचमध्ये आहे का?

प्रतिसाद १

ताई, बटणं बदलता येतात की. ऑप्शन्समध्ये कंट्रोलर सेटअप, त्यात रीडिफाइन कंट्रोल्स, त्यात वेहिकल कंट्रोल्स. तिथे खाली स्पेशल कंट्रोल अप, डाउन, लेफ्ट, राइट असं दिसेल, तीच हायड्रॉलिक्सची बटणं आहेत. आय, जे, के, एल अशी चार देऊन बघा, बोटांखाली बाणांसारखीच बसतात. फक्त दुसऱ्या कामाला लावलेलं बटण निवडू नका, नाहीतर तिथलं सेटिंग उडेल आणि मग ऐन मिशनमध्ये कळेल.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, पण अजून एक बघून घे. डिस्प्ले सेटअपमध्ये फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसावीत त्याची मर्यादा) चालू आहे का? तो चालू असला की गेम २५ फ्रेमच्या आसपास चालतो, थोडा अडखळल्यासारखा वाटतो म्हणून बरेच जण बंद करून ठेवतात. पण हा गेम तेवढ्याच वेगासाठी बनवलाय, नव्या लॅपटॉपवर लिमिटर बंद केला की पोहण्यापासून गाडीच्या ब्रेकपर्यंत काय काय बिघडतं. स्पर्धेपुरता तरी चालूच ठेव असं माझं मत.

आणि खेळताना गाडीकडे बघूच नको. गाडी उसळायला लागली की नजर तिकडे जाते आणि पुढचा बाण हुकतो. नजर गोलावर, बाण कडेला लागला की लगेच दाबायचं नाही, बरोबर मध्ये येऊ द्यायचा. आणि घाईघाईत बटणं बडवत बसू नको, एक बाण एक दाब.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! ते स्पेशल कंट्रोल मी वाचलं होतं पण मला वाटलं ते हेलिकॉप्टर वगैरेचं असेल, नावावरून कळतच नाही ना. आय जे के एल लावलं आणि गाडी हलली!! लिमिटर बंदच होता, तो पण चालू केला. अजून जिंकले नाहीये पण आता पॉइंट मिळतायत, समोरच्याच्या जवळपास जातेय. एक शंका, बाण लागोपाठ एकाच दिशेचे आले तर बटण धरून ठेवायचं की सोडून परत दाबायचं?

प्रतिसाद २

सोडून परत. प्रत्येक बाणाला नवीन दाब.

प्रतिसाद ३

मी सॅन होझेला असते, गेम खेळत नाही पण धागा वाचून राहवलं नाही. इथे आमच्या भागात रविवारी संध्याकाळी या गाड्या खरंच रस्त्यावर येतात. आजोबा, मुलगा, नातू सगळे एका गाडीत, रंग असा की आत खोल दिसावं, आणि अगदी सावकाश चालवतात, मागे लाइन लागली तरी कोणी हॉर्न मारत नाही. लोरायडर नावाचं मासिक १९७७ मध्ये याच शहरात सुरू झालं. आणि तुम्ही लिहिलाय तो नियम आता राहिला नाही, कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये नवा कायदा केला, १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, त्याने उंचीची ती अट गेली आणि शहरांनी अशा सावकाश फेऱ्यांवर घातलेल्या बंद्याही गेल्या. त्या दिवसांत इथले लोक किती खूश होते ते मी बघितलंय, कित्येकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घातले होते.

इम्पालाच का, हे मी एका गाडीवाल्या काकांना विचारलं होतं. ते म्हणाले १९५८ ते ६४ च्या इम्पालाची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, इंग्रजी एक्स अक्षरासारखी असते, ती खाली बसवायला सोयीची. तुमच्या गेममधली गाडी त्याच काळातली दिसतेय म्हणजे बनवणाऱ्यांनी नीट बघून बनवलीये.

प्रतिसाद १

वा, ही माहिती नवीन होती. सवानाचं सांगतो. सीजेच्या ग्रोव्ह स्ट्रीट टोळीची हिरवे कपडे घालणारी पोरं ज्या गाड्या चालवतात त्यात ग्रीनवुड आणि व्हूडूबरोबर सवाना पण असते. त्यामुळे गँटन, म्हणजे सीजेचा भाग, आणि आसपासच्या गल्ल्यांत फिरत राहा, लगेच नाही मिळाली तर जरा लांब चक्कर मारून परत या. मिळाली की आधी ग्रोव्ह स्ट्रीटच्या घराच्या गॅरेजात ठेवा आणि सेव्ह करा, मग सजवायला न्या. पैसे साठल्याशिवाय लोको लो मध्ये जाऊ नका, तिथे बघून सगळंच घ्यावंसं वाटतं. हायड्रॉलिक्स, चाकं, बंपर, एक्झॉस्ट, शिवाय सवानाला छत पण बसवता येतं, कडक आणि कापडी असं दोन्ही. पेंट जॉब तीन आहेत. मी छत नाही बसवलं, उघडीच बरी वाटते, मागे टोळीतली दोन पोरं बसली की मजा येते.

जीटीए पाचमध्ये सवाना नाही. तिथे व्हूडू घ्यायची आणि स्ट्रॉबेरीमधल्या बेनीच्या गॅरेजात न्यायची. ते गॅरेज २०१५ च्या ऑक्टोबरमधल्या लोरायडर्स अपडेटमध्ये आलं, पण फक्त ऑनलाइनमध्ये. स्टोरी मोडमध्ये शोधत बसू नका, आणि जुन्या पीएस थ्री, एक्सबॉक्स थ्री सिक्स्टीवर तर ते आलंच नाही.

धागाकर्ती

जिंकले!!! आत्ताच. शेवटचे बाण आले तेव्हा श्वास रोखून धरला होता. सीझर आधी किती ताठ आणि नंतर कसा नीट बोलायला लागतो, ते बघून इतकं बरं वाटलं, मला तो आधीपासूनच चांगला माणूस वाटत होता.

सॅन होझेच्या ताई, रविवारच्या फेऱ्यांचा एखादा फोटो टाकता आला तर टाका ना, गाडीवाल्यांची हरकत नसेल तर. आणि आता सवानासाठी गँटनला चक्कर मारतेय. सीझरचं पुढचं रेसचं मिशन आहे त्याला पण लोरायडरच लागते ना? ती सवानाच घेऊन जाऊ का, की रेससाठी दुसरी बरी?

प्रतिसाद २

हो, लोरायडर नसेल तर तो परत पाठवतो. सवाना चालेल की. फक्त वळणावर वेग कमी कर, लांब गाडी आहे, मागचा भाग घसरतो. आणि रेसच्या आधी सेव्ह कर.