मदत हवी आहे: चर्चामंचावर प्रतिसादांना 'पसंती' देण्याची सोय असावी का?

नमस्कार,

घरगुती विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीला वाहिलेल्या एका चर्चामंचाचे व्यवस्थापन आम्ही काही जण हौसेने पाहतो. प्रतिसादांना पसंती देण्यासाठी बटण हवे, अशी सभासदांची मागणी वारंवार होते आहे आणि ती मला अवाजवी वाटत नाही. सध्या ज्याला एखादा प्रतिसाद आवडतो तो खाली '+१' किंवा 'अगदी अगदी' एवढेच लिहितो. नवा प्रतिसाद आला की तो धागा (एका विषयावरची चर्चा) यादीत वर येत असल्यामुळे अशा एका शब्दापायी मिटलेली चर्चा पुन्हा पहिल्या पानावर झळकते आणि अनुत्तरित प्रश्न मागे ढकलले जातात. शिवाय जे कायम रोमात असतात, म्हणजे काही न लिहिता फक्त वाचतात, त्यांच्यापैकी कोणाला आपल्या उत्तराचा उपयोग झाला, हे कष्ट घेऊन लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही.

तरीही निर्णय घेताना मी अडखळतो आहे. मध्यंतरी एका सभासदाने मोबाइलची बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेल्याचे लिहिले होते. त्यावर एकाने झकास कोटी केली आणि तिला अनुमोदन देणाऱ्यांची रांग लागली. दुसऱ्याने टाचणीने भोक पाडून हवा काढण्याचा उपाय मोठ्या आत्मविश्वासाने सुचवला आणि त्यालाही दाद मिळाली. चार्जिंग ताबडतोब थांबवावे, बॅटरी दाबू किंवा टोचू नये, कारण लिथियम-आयन सेलला छिद्र पडल्यास तो पेट घेऊ शकतो, हे सांगणारा रुक्ष प्रतिसाद मात्र पुढच्या पानावर पडून राहिला. पसंतीनुसार क्रम लावणारी व्यवस्था असती, तर टाचणीवाला उपाय दुसऱ्या क्रमांकावर दिमाखात बसला असता.

हा केवळ माझा संशय नाही. 'सायन्स' या नियतकालिकात 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या संकेतस्थळावरील काही प्रतिसादांना संशोधकांनी यादृच्छिक पद्धतीने एक कृत्रिम अनुकूल मत देऊन पाहिले. त्या एका मतामुळे पुढच्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता 32 टक्क्यांनी वाढली आणि अंतिम गुणसंख्या सरासरी 25 टक्क्यांनी फुगली. कृत्रिम प्रतिकूल मताची भरपाई मात्र नंतरच्या वाचकांनी करून टाकली. म्हणजे कंपूतल्या एखाद्याने किंवा डुप्लिकेट आयडीने सुरुवातीलाच एक पसंती टाकली, तरी तिचा परिणाम शेवटपर्यंत टिकू शकतो.

इतरांनी यावर काढलेले उपाय मी वाचले आहेत. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या चर्चास्थळावर प्रतिसादाला मते देता येतात, पण त्यांची बेरीज इतरांना दिसत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगविषयक प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर उत्तराला प्रतिकूल मत देणाऱ्याचाही एक गुण कापला जातो, त्यामुळे उगाच कोणी ते देत नाही. स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या संकेतस्थळाची पद्धत मला सर्वांत विचारपूर्वक वाटते: तेथे गुण देताना 'माहितीपूर्ण', 'विनोदी' असे कारण निवडावे लागते, गुणसंख्या उणे 1 ते 5 यांमध्येच राहते आणि विनोदासाठी मिळालेले गुण लेखकाची पत दाखवणाऱ्या एकूण गुणांत जमा होत नाहीत. एवढी यंत्रणा आमच्यासारख्या लहान मंचाला पेलेल का, याची मला शंका आहे.

माझा कल असा आहे की नापसंतीचे बटण देऊच नये, पसंतीचा आकडा फक्त प्रतिसाद लिहिणाऱ्याला दिसावा आणि क्रम वेळेनुसारच राहावा. ज्यांनी लहान मंच चालवला आहे त्यांनी कृपया सांगावे: आकडा लपवल्यावर '+१' खरोखर थांबतात का? की आपली पसंती चारचौघांत दिसत नाही म्हणून लोक पुन्हा लिहायलाच लागतात? आभार आणि सहमती यांसाठी वेगळी बटणे कोणी देऊन पाहिली आहेत का?

प्रतिसाद:

वेगळी बटणे आम्ही दिली होती. पहिले काही दिवस सभासदांनी फरक पाळला, नंतर जे बटण आधी दिसते तेच दाबले जाऊ लागले. माझ्या मते प्रश्नकर्त्याला 'या उत्तराने काम झाले' अशी खूण करू देणे अधिक उपयोगी ठरेल. मात्र ते उत्तर आपोआप सर्वांत वर नेऊ नका. स्टॅक ओव्हरफ्लोनेही 2021 मध्ये प्रश्नकर्त्याने अशी खूण केलेले 'स्वीकृत' उत्तर कायम वर ठेवण्याची प्रथा बंद केली. प्रश्नकर्त्याचे काम झाले एवढेच त्या खुणेवरून कळते. आकडा लपवल्यावर '+१' कमी झाले, पण थांबले नाहीत. ते धागा वर येण्याच्या नियमाशी निगडित आहेत, म्हणून अगदी त्रोटक प्रतिसादाने धागा वर येणार नाही, एवढा बदल आधी करून पाहावा.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. धाग्याच्या क्रमाचा नियम बदलणे आमच्या हाती आहे, तेव्हा ते आधी करतो. एक शंका उरते: टाचणीच्या उपायासारखे धोकादायक उत्तर असेल, तर प्रश्नकर्त्याच्या खुणेनेही त्याला अभय मिळू शकते, कारण ज्याचे नशिबाने निभावले तोही 'काम झाले' असेच म्हणणार. अशा उत्तरावर धोक्याची सूचना लावण्याचा अधिकार आपण व्यवस्थापकांपुरता ठेवला होता की अनुभवी सभासदांनाही दिला होता?