एरी सरोवरात वॉलआय आणि ट्राउट एकाच फेरीत: होडी आहे, अक्कल हवी आहे

देवगडकर_ओहायो

मंडळी, नमस्कार.

क्लीव्हलँडच्या पूर्वेला राहतो. मागच्या वर्षी मेहुण्याबरोबर भागीत १९ फुटी जुनी होडी घेतली. होडी बरी आहे, इंजिन बरं आहे, चालवणारे दोघे कच्चे आहेत. गेल्या उन्हाळ्यात पाच फेऱ्या झाल्या. वॉलआय दोन, ट्राउट शून्य आणि शीपहेड मोजायचे सोडून दिले. तो करडा, कुबड्या, घुरघुरणारा मासा आता आमच्या घरात शिवी म्हणून वापरतात.

जुलैत बाबा येतायत. त्यांचा जन्म देवगडच्या खाडीत गरवण्यात गेला. फोनवर रोज एकच प्रश्न: "तळ्यात मासे ते कसले रे?" आता ३८८ किलोमीटर लांबीच्या पाण्याला तळं म्हणतात त्याला मी काय करू! एका फेरीत निदान दोन-चार वॉलआय आणि एखादी ट्राउट त्यांच्यासमोर होडीत यावी, एवढीच इच्छा.

चालत्या होडीमागे आमिष ओढायचं, म्हणजे ट्रोलिंगच करायचं आहे. डाउनरिगर (जड गोळ्याने दोरा ठरल्या खोलीवर नेणारं यंत्र) घेऊ की डिप्सी डायव्हर नावाच्या तबकडीवर भागेल? वेग किती ठेवू? कुठून निघू? आणि बाबा गांडुळाशिवाय कशालाच आमिष मानत नाहीत, त्याचं काय करू?

---

गळटाक्या

क्लीव्हलँडजवळच्या मेंटॉर गावात राहून चौदा उन्हाळे झाले, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही सामानाचं विचारलंत, पण मासा कोणत्या थरात आहे ते आधी बघायला हवं. एरीचे तीन भाग मानतात. पश्चिमेचा उथळ, सरासरी २४ फूट. मधला बराचसा सपाट, ६० फुटांच्या आसपास. पूर्वेचा खोल, २१० फुटांपर्यंत. तुम्ही मधल्या भागात आहात. उन्हाळ्यात तिथलं पाणी दोन थरांत वेगळं होतं, वर कोमट आणि खाली गार, मध्ये थर्मोक्लाइन. खालचा गार थर पातळ असतो, त्यामुळे ऑगस्ट येईपर्यंत त्यातला प्राणवायू संपत येतो. तिथे मासा थांबत नाही. वर फार ऊन. म्हणून वॉलआय आणि स्टीलहेड ट्राउट दोघेही त्या सीमेच्या किंचित वर गोळा होतात. दोन्ही मासे एका फेरीत मिळण्याचं कारण हेच.

तेव्हा होडी बाहेर नेल्यावर पहिली पंधरा मिनिटं गळ टाकूच नका. फिशफाइंडरची संवेदनशीलता वाढवा. पडद्यावर ४५-५० फुटांच्या आसपास धुरकट आडवी रेघ दिसेल. आमिष तिच्यावर पाच-दहा फूट चाललं पाहिजे, खाली नाही. वॉलआयचे डोळे वरच्या बाजूला, अंधुक उजेडात बघायला बनलेले. मांजरासारखे चमकतात, नावही डोळ्यांवरूनच पडलंय. तो वर बघून झडप घालतो, पोटाखालून गेलेल्या चमच्याकडे (चमच्याच्या आकाराच्या चकचकीत आमिषाकडे) ढुंकूनही बघत नाही. गेल्या वर्षी शीपहेडच लागले म्हणता? मग तुमचं आमिष तळाशी रांगत होतं. पैज लावतो.

जागा: क्लीव्हलँडसमोरही मासा असतो, पण जुलैत जिनीव्हा किंवा ॲश्टाब्युला गाठा. जिनीव्हा स्टेट पार्कात होडी उतरवायला चांगला उतार आहे. ६५ ते ७५ फूट पाण्यापर्यंत जा. मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खडकांवर आणि मॉमी, सँडस्की नद्यांत अंडी घालून झाली की मोठे वॉलआय गार पाण्याच्या मागे पूर्वेकडे सरकतात.

---

तोलेडोची_सून

आमच्याकडे पोर्ट क्लिंटनला का येत नाही कोणी? अख्खं गाव वॉलआयवर जगतं. ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता आम्ही न्यूयॉर्कसारखा चेंडूबिंडू नाही, भलामोठा वॉलआय खाली उतरवतो. 😄

पण खरं सांगायचं तर गळटाक्या म्हणतायत ते बरोबर. जुलैत आमच्याकडचं पाणी ट्राउटसाठी फारच कोमट, आणि ऑगस्टमध्ये कधीकधी हिरवा शेवाळी तवंग. २०१४ साली त्याच तवंगातल्या विषामुळे तोलेडोच्या नळाचं पाणी तीन दिवस पिता येत नव्हतं. बाबांना आमच्याकडे एप्रिलात आणा.

---

देवगडकर_ओहायो

@गळटाक्या, पैज जिंकलात. आम्ही तळाला टेकवूनच चालवत होतो. मेहुण्याचं म्हणणं, मासा तळाला असतो!

आता सामानाचं सांगा. दुकानात गेलो तर तिथल्या पोराने दोन इलेक्ट्रिक डाउनरिगर, सोडलेला दोरा मोजणारे चार काउंटरवाले रीळ आणि चाळीस रंगांचे चमचे काढून ठेवले. बिल बघून होडी विकावी असं वाटलं.

---

गळटाक्या

डाउनरिगर यंदा नको. त्याची खोली अचूक असते, त्यातला गोळा ८-१० पौंडांचा, सगळं मान्य. पण गोळ्याला दोरा धरून ठेवणारा चिमटा घट्ट लावला की लहान वॉलआय लागलेला कळतच नाही. अर्धा तास बिचारा मागे फरफटत येतो आणि तुम्ही "आज काही नाही" म्हणत बसता.

दोन डिप्सी डायव्हर घ्या. ती गोल, तिरकी तबकडी पाण्याच्या दाबाने खाली जाते. तळाशी आकड्यांची चकती असते: शून्यावर ठेवलीत तर सरळ मागे आणि जास्त खोल, तीनवर ठेवलीत तर बाजूला लांब आणि कमी खोल. एक उजवीकडे, एक डावीकडे. किती दोरा सोडला की किती खोल जाते त्याचा तक्ता डबीतच येतो, तो घडी घालून खिशात ठेवा. काउंटरवाला रीळ मात्र हवाच, नाहीतर मासा लागलेली खोली पुन्हा सापडत नाही. डिप्सीमागे सहा-आठ फूट फ्लोरोकार्बनचा दोरा आणि छोटा, हलका चमचा.

शिवाय दोन प्लेनर बोर्ड. ते दोरा होडीपासून बाजूला ओढून नेतात, म्हणजे इंजिनाच्या आवाजाने बिचकलेला मासाही मिळतो. बोर्डामागे खोल बुडणारे प्लास्टिकचे मासे लावा. बोर्ड मागे पडायला लागला की समजा, लागला.

रंगांवर पैसे उधळू नका. जांभळा, तांबेरी, चांदी-निळा बस झाले. चाळीस चमचे मासे पकडत नाहीत, माणसं पकडतात.

---

बोस्टनचा_बोका

चमच्यांचा हिशोब कशाला? वॉलआयच्या पोटात शिसं भरा, वजन आपोआप वाढतं. 😂

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सप्टेंबर २०२२ मध्ये क्लीव्हलँडच्या एका स्पर्धेत पहिल्या आलेल्या जोडीचे मासे तिथेच चिरले, तर आतून शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांचे काप निघाले. दोघांना तुरुंगवास झाला. कृपया हलकेच घ्या.)

---

गळटाक्या

@बोका, हसून हसून पुरेवाट.

वेगाचं राहिलं. गांडुळाचा हार्नेस (गांडूळ ओवायचा गळांचा दोरा) ताशी १ ते १.५ मैलांवर चालतो, चमचे २ ते २.५ वर. दोन्ही एकत्र ओढलेत तर दोन्ही बिघडतात. जुलैतलं पाणी गरम असल्याने वॉलआय चमच्यामागे धावतो आणि स्टीलहेडला तर वेगच लागतो, म्हणून २.३ धरा. बाबांचा गांडुळाचा हट्ट शेवटच्या तासात इंजिन बंद करून पुरवा.

GPS वरचा आकडा हा होडीचा वेग. ४० फूट खाली प्रवाह उलटा असेल तर आमिषाचा वेग भलताच असतो. म्हणून सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी चालवा. वळताना आतल्या बाजूचं आमिष मंदावतं, बाहेरचं वेग घेतं. बाहेरच्यालाच मासे लागत असतील तर वेग थोडा वाढवा, आतल्याला लागत असतील तर कमी करा. हे मला शिकायला तीन उन्हाळे लागले, तुम्हाला फुकट.

दोऱ्यावर कापसासारखे लगदे दिसले तर घाबरू नका. काटेरी पाणपिसवा आहेत त्या, बोटाने निपटून टाकायच्या.

---

शीडवाला

माशांच्या नादात हवा विसरू नका. एरी उथळ आहे, म्हणून लाटा पटकन उठतात आणि जवळजवळ येतात. समुद्रात चार फुटांची लाट होडीला झुलवते, इथे ती आपटते. १९ फुटी होडीला दोन फुटांपर्यंत ठीक, किंबहुना फुटा-दीड फुटाची खळबळ वॉलआयला आवडते. त्यापुढे काठावर चहा प्या. ईशान्येचा वारा सांगितला असेल तर निघूच नका, तो अख्खी लांबी धावून तुमच्या अंगावर येतो. आदल्या रात्री आणि पहाटे, दोनदा किनाऱ्याजवळचा सागरी अंदाज वाचा.

आणि कागदपत्रं. बाबांना ओहायोबाहेरच्या माणसाचं लायसन्स लागेल, एक दिवसाचं मिळतं. वॉलआय माणशी सहा, १५ इंचांहून लहान नको. स्टीलहेड उन्हाळ्यात पाच, किमान १२ इंच. नियम बदलतात, निघण्याआधी राज्याच्या साइटवर पाहा. होडी चालवणाऱ्याचा जन्म १ जानेवारी १९८२ ला किंवा नंतर झाला असेल तर बोटिंगच्या कोर्सचं प्रमाणपत्र जवळ हवं.

---

मेहुणा_नंबर_१

तो मीच. कोर्स केलाय. आणि मासा तळालाच असतो.

---

कोकम_आगळ

मासे आले की पुढचं माझ्याकडून. वॉलआय पांढराशुभ्र, काटे कमी, वास नाही. हळद, मीठ, आगळ लावून अर्धा तास, मग मालवणी मसाला, तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवून तव्यावर. कालवणात घालू नका, मोडतो. स्टीलहेड गुलाबी आणि तेलकट, तिला भट्टीत भाजा किंवा धुरी द्या. कातडी आणि पोटाकडची चरबी काढून टाका, नको ती रसायनं तिथेच साठतात. पकडल्या पकडल्या बर्फात, उन्हात बादलीत नको!

---

एक_वाचक

ट्राउट तिथलीच का? की सोडलेली?

---

गळटाक्या

सोडलेली. स्टीलहेड मूळची पॅसिफिक किनाऱ्याची. ओहायो दर वसंतात रॉकी, शग्रिन, ग्रँड, व्हर्मिलियन, कॉनिऑट वगैरे नद्यांच्या पाण्यात सहा-आठ इंचांची पिल्लं सोडतं. ती सरोवरात जाऊन वाढतात आणि थंडीत नदीत परततात. उन्हाळ्यात सरोवरात गाठायची, थंडीत नदीत.

---

देवगडकर_ओहायो

(तीन आठवड्यांनंतर)

वृत्तांत देतो, म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

पहिली फेरी वाऱ्याने रद्द. शीडवाल्यांचं ऐकून काठावर चहा घेतला. बाबा म्हणाले, "एवढ्यात घाबरतंस?" तासाभराने पांढऱ्या लाटा बघून गप्प झाले.

दुसऱ्या फेरीला पहाटे पाचला जिनीव्हाहून निघालो. ७० फूट पाण्यात पंधरा मिनिटं नुसता पडदा बघितला. रेघ ४८ वर दिसली. मेहुण्याने आमिष तळाला न्यायचा शेवटचा प्रयत्न करून पाहिला, फेटाळण्यात आला. डिप्सी तीनवर, वेग २.३. साडेसहाला डावी काठी वाकली: वॉलआय, २४ इंच. त्यानंतर दीड तास काहीच नाही. मग वळताना बाहेरचीच काठी दोनदा वाकली, वेग २.६ केला आणि अर्ध्या तासात आणखी तीन. प्लेनर बोर्ड मात्र आमच्याकडून एकमेकांत अडकले. दोरे सोडवण्यात पाऊण तास गेला आणि मेहुण्याशी अबोला.

ट्राउट नऊच्या सुमारास. काठी वाकली आणि मासा मागे शंभर फुटांवर हवेत उडाला. बाबा उभे राहिले. २६ इंची होती. जाळीत घेताना माझे हात थरथरत होते, त्यांचे नाही.

शेवटच्या तासात इंजिन बंद केलं, बाबांना गांडूळ आणि हातदोरा दिला. तळाला सोडला. दोन मिनिटांत शीपहेड, चांगला चार पौंडांचा. मी सवयीने सोडवून पाण्यात टाकायला निघालो, तर बाबांनी मनगट धरलं.

"अरे, ह्यो तर ढोमो! टाकतंस कित्याक?"

मी म्हटलं, बाबा, इथे हा कोणी खात नाही. ते ऐकेनात. घरी येऊन त्यांनी माशाचं डोकं फोडलं आणि आतून हस्तिदंतासारखे दोन पांढरे खडे काढून माझ्या तळहातावर ठेवले. म्हणाले, घोळीच्याही डोक्यात असेच असतात. रात्री शोधलं तर खरंच, शीपहेड म्हणजे ढोमा आणि घोळ यांच्याच कुळातला, गोड्या पाण्यात राहिलेला. इथली पोरं ते खडे नशिबाचे म्हणून जमवतात. घुरघुर त्याच कुळाची खूण.

कोकम_आगळ, वॉलआय तुमच्या पद्धतीने केला, फक्कड झाला. शीपहेडचं तिरफळ घालून कालवण बाबांनी स्वतः केलं. ताजा होता, बर्फात ठेवला होता, अजिबात चिखलट लागला नाही. पातेलं आधी तेच संपलं.

आता एक नवीन प्रश्न. बाबा अजून महिनाभर आहेत आणि त्यांना वॉलआयमध्ये रस उरलेला नाही. मोठे शीपहेड कुठे मिळतील?

---

मेहुणा_नंबर_१

तळाला.