पीएचक्यू-९ नववीच्या मुलांना द्यायचाय, व्हॅलिडिटी कशी तपासू?

भांडुपची_मीरा: नमस्कार, एमए सायकॉलॉजीचं डेझर्टेशन चालू आहे. भांडुप-मुलुंडच्या मराठी माध्यमाच्या शाळांत नववीच्या मुलांकडून मराठी पीएचक्यू-९ (नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म) भरून घ्यायचाय. पायलटमध्ये क्रोनबाख अल्फा ०.८ च्या पुढे आला, मैत्रीण म्हणते बास झालं, फॉर्म व्हॅलिड आहे. मला नाही पटत. अजून काय करायला हवं?

परळचा_रेसिडेंट: नाहीच पटायला पाहिजे. अल्फा चांगला म्हणजे नऊ प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात एवढंच, ते नैराश्य मोजतायत की युनिट टेस्टचं टेन्शन ते त्यातून कळत नाही. त्यासाठी मिनी-किडसारखी (मुलांच्या निदानासाठीची ठरावीक प्रश्नांची) क्लिनिकल मुलाखत लागते, ट्रेनिंग झालेल्या माणसाने घेतलेली आणि त्याला मुलाचा स्कोअर माहीत नसावा. कमी स्कोअरवाल्यांतलीही काही मुलं चिठ्ठ्या टाकून मुलाखतीला घ्या, नाहीतर फॉर्ममधून किती सुटली ते कधीच कळणार नाही. १० चा कटऑफ (म्हणजे ज्या स्कोअरपासून पॉझिटिव्ह धरतात तो) २००१ च्या मोठ्या माणसांवरच्या अभ्यासातला आहे, अमेरिकेत २०१० मध्ये १३ ते १७ वयाच्या मुलांवर तपासला तेव्हा ११ जास्त बरा ठरला, म्हणून आपल्या मुलांसाठी वेगळा काढून बघा. आणि समजा हजारात १०० मुलांना खरंच नैराश्य आहे, सेन्सिटिव्हिटी (नैराश्य असलेल्यांतली किती पकडली) आणि स्पेसिफिसिटी (नसलेल्यांतली किती बरोबर वगळली) दोन्ही ८० टक्के, तर ८० सापडतील पण १८० जण उगाचच पॉझिटिव्ह येतील! म्हणून नुसत्या स्कोअरवर कुणालाही डिप्रेशन आहे म्हणू नका.

समुपदेशक_ताई: मी शाळेतच काम करते. एका बाकावर तिघं आणि वर्गशिक्षक फेऱ्या मारतायत, अशात कोण खरं लिहिणार, सगळे शून्यावर टिक करून मोकळे होतात. आधी पाच-सहा मुलांसोबत एकेकटं बसून विचार, हे उत्तर का दिलंस. झोपेच्या प्रश्नावर "रोज" लिहिलेलं असतं आणि विचारलं तर कळतं की दहा बाय दहाच्या खोलीत रात्री बारापर्यंत टीव्ही चालू असतो. हे कुठल्याच आकड्यात दिसत नाही गं.

भांडुपची_मीरा: थँक्यू दोघांनाही. नावं घेणार नव्हते, पण मग नवव्या प्रश्नाचं काय, मरणाच्या विचारांचा?

समुपदेशक_ताई: नावाऐवजी कोड दे, यादी कुलपात. नववं उत्तर शून्य सोडून काहीही असेल तर त्याच दिवशी त्या मुलाशी कुणीतरी बोललंच पाहिजे, ते कोण बोलणार हे फॉर्म वाटायच्या आधी ठरव. पालकांच्या संमतीपत्रात हे स्पष्ट लिही, मुलाची स्वतःची लेखी संमती पण घे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सगळ्यांच्याच हातात दे, फक्त "पॉझिटिव्ह"वाल्यांच्या नको.