अनुभव धागा : ॲप्लिकेशन कोसळलं, डंप कसा वाचता?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत बिलिंगचं सॉफ्टवेअर मिटतं आणि ऑपरेटर सांगतो, 'आपोआप बंद पडलं बगा.' डंप म्हणजे कोसळताना ॲपच्या मेमरीची उतरवलेली फाइल; त्यावरून कारण काढणाऱ्यांनी पद्धत लिहा. किस्से नकोत.

नवी पेठ, विंडोज सपोर्ट
आधी डंप पडायची सोय करा. रजिस्ट्रीत 'विंडोज एरर रिपोर्टिंग'खाली 'लोकलडंप्स' की बनवून डंपटाइप २ द्या, म्हणजे पूर्ण मेमरी उतरते. नुसत्या मिनी डंपात स्टॅक (कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं ती साखळी) दिसतो, हीपमधला (चालताना मागून घेतलेल्या मेमरीतला) डेटा नसतो. डंपकाउंट, म्हणजे किती डंप ठेवायचे तो आकडा, मुळात १० असतो. छोट्या एसएसडीला ३ पुरेत. टास्क मॅनेजरमधून डंप घेत असाल आणि ॲप ३२ बिटचं असेल, तर सिसवाउ६४ फोल्डरमधला टास्क मॅनेजर उघडा.

होटगी रोड, सी++
कोसळलेल्या नेमक्या बिल्डची पीडीबी फाइल (पत्त्यांवरून फंक्शनांची नावं लावणारी) जपून ठेवलेली नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. तोच सोर्स पुन्हा कंपाइल केला तरी नवी पीडीबी जुळत नाही. विनडीबीजी या डीबगरची 'ॲनलाइझ' कमांड बोट दाखवते, पण ते अनुमानच. सी००००००५ (मेमरीत नको तिथे हात घातल्याचा एरर कोड) आला तर कोणता पत्ता वाचताना-लिहिताना फसलं ते बघा. पत्ता शून्याजवळ, समजा हेक्स १८, असेल तर बहुधा पॉइंटर नल (रिकामा) आहे आणि २४ बाइट पुढचं फील्ड मागितलंय.

सी००००३७४ मात्र चकवतो. हीप बिघडल्याचं लक्षात आलं त्या जागेचा स्टॅक दिसतो. बिघडवणारा कधीच निघून गेलेला असतो. जीफ्लॅग्स या विंडोजच्या टूलनं त्या एकाच एक्झीला फुल पेज हीप लावा. प्रत्येक अलोकेशनमागे (मागून घेतलेल्या तुकड्यामागे) राखणदार पान बसतं, हद्द ओलांडली की जागीच क्रॅश. मेमरी बेसुमार खातं, काम झालं की काढा.

लिनक्सवाला
कोअर (लिनक्सवरचा डंप) सापडत नसेल तर 'यूलिमिट -सी' (कोअरच्या आकाराची मर्यादा) आणि कोअर_पॅटर्न (कोअर कुठे जातो ते) बघा. सिस्टमडी असेल तर कोअरडंपसीटीएल कमांडनं शोधा. जीडीबी डीबगरमध्ये एकाच थ्रेडचा नको, सगळ्या थ्रेडचा बॅकट्रेस (स्टॅकची यादी) काढा. मेमरी संपून कर्नलनं मारलं असेल तर कोअर पडतच नाही; डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) नोंद मिळते.

चिंचोळी, हार्डवेअर
दर वेळी वेगळ्याच फंक्शनात, वेगळ्याच ॲपमध्ये क्रॅश? कोड नंतर वाचा, आधी रात्रभर मेमटेस्ट (रॅमची तपासणी) लावा.

नवी पेठ, पुन्हा
राहिलंच: पूर्ण डंपात पासवर्ड, गिऱ्हाइकांची बिलं, सगळं असतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.