एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने मुलांचे पोट, यकृत आणि आहार कुठे शिकावा?

धागाकर्ता (बालरोगतज्ज्ञ व अध्यापक, सिंधुदुर्ग)

गेल्या पावसाळ्यात माझ्या ओपीडीत 74 दिवसांची एक मुलगी आली. डोळे पिवळे होते, यकृत हाताला कठीण लागत होते आणि लघवीने दुपट्यांवर गडद पिवळे डाग पडत होते. मी काही विचारण्याआधीच आई म्हणाली, "डॉक्टरांनू, चेडवाची शी शाडूसारखी जाता." हे वाक्य तिने त्याआधी तीन ठिकाणी सांगितले होते. एके ठिकाणी बाळाला कोवळे ऊन दाखवायचा सल्ला मिळाला, दुसरीकडे एक टॉनिक मिळाले, आणि तिसरीकडे एकूण बिलिरुबिन (कावीळीचे पिवळे रंगद्रव्य) फारसे वाढलेले नाही, असा दिलासा. तो दिलासा देणारा डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी होता. पित्त अडले की वाढणारा त्यातला भाग, म्हणजे डायरेक्ट बिलिरुबिन, कोणी तपासले नव्हते आणि दुपटे उलगडून शी तर कोणीच पाहिली नव्हती.

निदान बिलिअरी अट्रेझियाचे झाले. या आजारात पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या बुजत जातात, म्हणून शी पांढुरकी होते. पित्ताला आतड्यात वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया 60 दिवसांच्या आत झाली, तर पित्त आतड्यात उतरण्याची शक्यता बरी असते, आणि 90 दिवसांनंतर ती बरीच घटते. म्हणजे या मुलीच्या वाट्याचे दिवस आम्ही डॉक्टरांनीच खर्च केले होते.

अभ्यासक्रमात हा विषय नाही, असे म्हणता येत नाही. 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात बालरोगाखाली अतिसार, कुपोषण आणि पचनसंस्था-यकृताचे आजार ही स्वतंत्र प्रकरणे आहेत. माझ्या त्या विद्यार्थ्याने परीक्षेत नवजात कावीळीची कारणे क्रमाने सांगितली होती, हे मला आजही आठवते. त्याला जे येत नव्हते, ते मी त्याला कधी करायलाच लावले नव्हते.

माझा प्रस्ताव असा आहे. शेवटच्या वर्षात मुलांचे पचन, यकृत आणि पोषण यांसाठी 4 आठवड्यांचे सक्तीचे पोस्टिंग असावे. त्यातले 2 आठवडे स्वतःच्या वॉर्डात व पोषण पुनर्वसन केंद्रात, 1 आठवडा अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत), आणि 1 आठवडा मुंबईच्या मोठ्या बालयकृत विभागात जावा. शिवाय प्रात्यक्षिक परीक्षेत यासाठी वेगळे स्टेशन, म्हणजे स्वतंत्र टप्पा, ठेवावा. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथून बाहेर पडणारी मुले याच किनाऱ्यावर राहावीत, अशी आपली इच्छा असेल, तर त्यांना इथली मुले तपासता आली पाहिजेत.

प्रतिसाद 1 (निवृत्त प्राध्यापक, मेडिसिन, चिपळूण)

डॉक्टरसाहेब, आपली कळकळ मला पोहोचली, परंतु प्रस्ताव मान्य होण्यासारखा नाही. मी 31 वर्षे शिकवले, आणि त्या काळात प्रत्येक विभागाने अशीच एखादी चटका लावणारी केस पुढे ठेवून स्वतःसाठी आठवडे मागितलेले मी पाहिले आहेत. हृदयरोगवाल्यांना मुलांच्या हृदयासाठी वेळ हवा असतो, मेंदूवाल्यांना झटक्यांसाठी हवा असतो, आणि या सर्वांची मागणी आपापल्या जागी रास्तच असते. इंटर्नशिपच्या 2021 च्या नियमावलीत संपूर्ण बालरोगाला 3 आठवडे आहेत. तिथे आपण शरीरातील एका अवयवसंस्थेसाठी 4 आठवडे मागत आहात.

त्याहून मोठा आक्षेप असा, की एमबीबीएसचा डॉक्टर हा मूल पाहणारा डॉक्टर असतो, आणि त्याने अवयवागणिक मूल वाटून घ्यायला सुरुवात केली, की तो काहीच नीट पाहीनासा होतो. मुलांच्या पोटविकारांसाठी डीएमचा (एमडीनंतरच्या अतिविशेष पदवीचा) स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, लखनौच्या संजय गांधी संस्थेत तर त्यासाठी पूर्ण विभाग आहे. ते काम त्यांचे. आपण सांगितलेली चूक ज्ञानाच्या अभावी झाली नाही, हे आपणच लिहिले आहे. आईचे बोलणे न ऐकणे हा दोष पोस्टिंग वाढवून जात नाही.

आणखी एक सांगतो. आमच्या वेळी 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' (भारतातल्या लहान मुलांचे यकृत निकामी करणारा आजार) हे प्रकरण घोकून घोकून पाठ केले जाई. तो आजार आज जवळजवळ दिसत नाही. आज आपण जे सक्तीचे कराल, ते 20 वर्षांनी असेच ओझे होऊन बसेल.

प्रतिसाद 2 (इंटर्न, रत्नागिरी)

सर, मी आत्ताच इंटर्नशिप करतो आहे, म्हणून थोडे धाडस करून लिहितो. तीव्र कुपोषणाची व्याख्या मला तिसऱ्या वर्षापासून पाठ होती: 6 ते 59 महिन्यांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी, किंवा उंचीच्या मानाने वजन उणे 3 एसडीखाली (म्हणजे सरासरीपेक्षा 3 प्रमाण विचलनांनी कमी), किंवा दोन्ही पायांवर सूज. पण दंडघेराची पट्टी मी पहिल्यांदा हातात धरली ती पीएचसीत, आणि ती कशी धरायची हे मला एका अंगणवाडी सेविकेने शिकवले.

त्याच आठवड्यात 8 महिन्यांचे एक बाळ आले होते. वजन दोन महिने जागच्या जागी होते. आई म्हणाली, "दिवसातून चार वेळा पेज पाजते, पोट भरून पितो." मी हिस्ट्रीत 'वरचा आहार सुरू आहे' असे लिहून पुढे गेलो. तिथल्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी मला थांबवून पेज किती तांदळाची असते ते विचारायला लावले. मग हिशेब करायला बसवले. निवळ पेजेत 100 मिलिलिटरला 5 ग्रॅम तांदूळ असतील, तर त्यातून जेमतेम 17 किलोकॅलरी मिळतात. आईच्या तेवढ्याच दुधात 65 ते 70 असतात. म्हणजे पेजेने पोट भरून ते बाळ चौपट कसाचे दूध सोडत होते. मॅडमनी पेज बंद करायला सांगितली नाही. ती चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट करायची, त्यात घोटलेली डाळ किंवा सुकटीची पूड घालायची आणि वर एक चहाचा चमचा तूप किंवा खोबरेल तेल, ज्यातून 40 किलोकॅलरी सहज मिळतात, एवढाच बदल त्यांनी सुचवला. तीन आठवड्यांनी ते बाळ वजनकाट्यावर पुढे सरकले होते.

हे मला साडेचार वर्षांत कोणी विचारले नव्हते. चार आठवडे हवेत की दोन, हे मला ठरवता येणार नाही, परंतु 'मूल पाहणारा डॉक्टर' व्हायचे असेल, तर मूल काय खाते हे विचारण्याची पद्धत कोणीतरी समोर बसवून शिकवली पाहिजे.

प्रतिसाद 3 (वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, रायगड)

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. दिवाळीनंतर आमच्या भागातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मधल्या काळात त्या मुलांचे वजन कोणाच्याही वहीत नसते. ती परत आल्यावर त्यांना शोधून काढतात त्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका. जो वेळ आणि पैसा आपण विद्यार्थ्यांच्या मुंबईवारीवर घालवणार, तो यांच्या प्रशिक्षणावर का घालू नये?

1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पुडी करून ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. पटकीने होणारे मृत्यू तिथे 4 टक्क्यांच्या खाली आले. हे काम पाजणाऱ्या माणसांनी केले. डॉक्टरांचे तास वाढवून ते झाले नव्हते.

धागाकर्ता

मॅडम, बनगावचे उदाहरण मी उलट बाजूने वाचतो. ती पुडी नातेवाइकांच्या हाती देण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, ते स्वतः बालरोगतज्ज्ञ होते, आणि ग्लुकोजबरोबर सोडियम आतड्यात शोषले जाते, जुलाब चालू असतानाही शोषले जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ते ज्ञान पक्के असल्यामुळेच त्यांना सुई बाजूला ठेवण्याचे बळ आले. आज आमचे किती तरुण डॉक्टर ते बळ दाखवतात? जुलाब म्हटले, की सलाइन आणि प्रतिजैविक लिहिले जाते. झिंकचे 14 दिवस चौथ्या दिवशी संपतात. एक लिटर पाण्याची पुडी पेलाभर पाण्यात घोळली जाते आणि त्या खारट द्रावणाने बाळाच्या रक्तातले सोडियम चढते. पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' हे नाव छापायला एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, तोवर ती गोड पेये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरूनही विकली जात होती. आशाताईंना शिकवायचे आहेच, पण त्यांना शिकवणारा आणि त्यांनी पाठवलेले मूल तपासणारा डॉक्टर जर असा असेल, तर त्यांचे शिक्षण पुढच्या पायरीवर येऊन वाया जाते.

प्राध्यापक सरांना एक आदरपूर्वक सांगायचे आहे. इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस का नाहीसा झाला, हे आम्हाला त्या घोकंपट्टीत कोणी शिकवले नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील भावे आणि पंडित यांनी ब्रिटनच्या टॅनर यांच्यासह मुलांना काय पाजले आणि कोणत्या भांड्यात ठेवून पाजले, याची विचारपूस केली. 1983 मध्ये त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या व साठवलेल्या जनावराच्या दुधात तांबे उतरत होते आणि ते तान्ह्या मुलांच्या यकृतात साचत होते. पुढे घराघरांत स्टील आले, भांडी बदलली आणि आजार ओसरला. एका यकृताच्या आजाराचे कोडे आहाराच्या हिस्ट्रीने सुटले. तो आजार अभ्यासक्रमातून काढा, मी हरकत घेणार नाही. ती हिस्ट्री घेण्याची रीत मात्र आपण शिकवलीच नाही.

प्रतिसाद 4 (बालपोटविकार व यकृततज्ज्ञ, मुंबई, मूळ गाव वेंगुर्ले)

मी या विषयातला माणूस असूनही धागाकर्त्यांच्या प्रस्तावातील एका आठवड्याला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो आठवडा माझ्याकडचाच आहे. विद्यार्थ्यांना माझ्या विभागात पाठवू नका. इथे त्यांना यकृत प्रत्यारोपणानंतरची मुले दिसतील, एंडोस्कोपी दिसेल, आणि परत जाताना ते एवढेच शिकून जातील, की पोटाचे दुखणे म्हणजे मुंबईला पाठवायचे दुखणे.

कोकणातून रात्रभर रेल्वेने प्रवास करून माझ्याकडे येणाऱ्या मुलांत कितीतरी मुले निव्वळ बद्धकोष्ठाची असतात. शाळेतले शौचालय नको वाटते म्हणून मूल शी दाबून धरते, खडा मोठा होतो, त्याच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डी खराब होते, आणि त्यावर महिनोन्‌महिने जुलाबाची औषधे चालतात. पोटावर हात ठेवला असता, तर खडा लागला असता. हे शिकायला मुंबई कशाला हवी?

दुसरीकडे कावीळ. हिपॅटायटिस ए बहुतेक मुलांत आपोआप बरा होतो, म्हणून झाडपाल्याच्या औषधाला यश मिळते आणि गावाचा त्यावर विश्वास बसतो. त्या विश्वासाची टिंगल करून काही साधत नाही. नुकसान होते ते पथ्याने, कारण तेल बंद, डाळ बंद, मासे बंद करून आधीच मळमळणारे मूल उपाशी ठेवले जाते. विद्यार्थ्याला इथे दोनच गोष्टी पक्क्या याव्यात: मुलाला जे रुचेल ते खाऊ द्यायला सांगणे, आणि धोक्याचे मूल ओळखणे. दिवसा झोपून रात्री जागणारे, उगाच चिडणारे, असंबद्ध बोलणारे कावीळीचे मूल दिसले, की त्याच तासाला रक्तातली साखर आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) पाहायचे. व्हिटॅमिन के दिल्यावरही आयएनआर 2 च्या वर असेल, तर मूल शुद्धीत असले तरी पाठवायचे, आणि गुंगी असेल, तर 1.5 पुरे. हे मी ज्या दिवशी फोनवरून ऐकतो, त्या दिवशी मूल वेळेत पोहोचते.

प्रतिसाद 5 (आशा गटप्रवर्तक, रत्नागिरी जिल्हा)

डॉक्टरांच्या चर्चेत मी लिहावे की नाही, असा विचार करत होते. आमच्याकडे बाळंतीण माहेरी येते आणि सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाही. म्हणजे डॉक्टर ज्या 60 दिवसांबद्दल बोलत आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त दिवस ते बाळ कोणा डॉक्टरला दिसतच नाही. आम्हाला दिसते. दवाखान्यात प्रसूती झालेल्या घरी आम्ही 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातो, वजन करतो, नाळ पाहतो, दूध ओढते का ते पाहतो. शीचा रंग पाहायला आम्हाला कोणी ठसवून सांगितलेले नाही. शिकाऊ डॉक्टर 14 व्या आणि 28 व्या दिवशी आमच्याबरोबर आले, तर दोघांनाही कळेल.

प्रतिसाद 6 (निवृत्त प्राध्यापक, मेडिसिन, चिपळूण)

ताईंचे म्हणणे मी दोनदा वाचले. माझा 4 आठवड्यांना असलेला विरोध कायम आहे, वेगळ्या स्टेशनलाही आहे. पण इंटर्नशिपमध्ये पीएसएमचे (सामुदायिक वैद्यक विभागाचे) 12 आठवडे आहेत, आणि त्यातील बराच काळ सह्या गोळा करण्यात जातो, हे मी विभागप्रमुख असताना पाहिले आणि चालू दिले, याची मला खंत आहे. तिथे जागा आहे. बालरोग आणि पीएसएम या दोन विभागांनी ती वाटून घ्यायला हवी, आणि माझा अनुभव असा, की दोन विभागांना एका वहीवर सही करायला लावणे हे नवीन पोस्टिंग मंजूर करून घेण्याइतकेच अवघड असते.

सिऱ्हॉसिसबद्दल आपण लिहिले ते मला ठाऊक होते, मात्र मी ते विद्यार्थ्यांना तसे सांगितले नाही.

धागाकर्ता

मुंबईचा आठवडा मी मागे घेतो. स्वतंत्र पोस्टिंगचा आग्रहही तूर्त बाजूला ठेवतो, कारण ते मंजूर होईपर्यंत आणखी काही तुकड्या बाहेर पडतील.

लॉगबुकमध्ये मात्र पुढच्या तुकडीपासून माझ्या विभागापुरत्या तीन नोंदी सक्तीच्या करतो आहे. पहिली, आशाताईंबरोबर 14 व्या आणि 28 व्या दिवशीची गृहभेट, ज्यात शीचा रंग विद्यार्थ्याने स्वतः पाहून लिहायचा. तैवानने 2004 पासून शीच्या रंगाचे कार्ड देशभर बाळाच्या आरोग्यपुस्तिकेतून दिले, तसे कार्ड आम्ही इथे छापून घेऊ, आणि पांढऱ्या रंगाखाली 'शाडूसारखी' हाच शब्द घालू. दुसरी, एका बाळाचा 24 तासांचा आहार, भांड्याच्या मापासह, किलोकॅलरीत मांडलेला. तिसरी, एक लिटर ओआरएस आईने विद्यार्थ्यासमोर बनवून दाखवलेले. 14 दिवसांनंतरही पिवळ्या राहिलेल्या प्रत्येक बाळाचे डायरेक्ट बिलिरुबिन तपासायचे, ही सूचना ओपीडीच्या टेबलावर कालच लावली आहे.

पीएसएमच्या विभागप्रमुखांची सही मिळवायला मी सोमवारी जातो आहे. प्राध्यापक सर, आपण त्यांना शिकवले आहे. आपण बरोबर आलात, तर फार बरे होईल.